नाटकातल्या आजीनं ढावलो धरला

तुमी आधी चहा संपवा. माझा घोळ ऐकताना ठसका लागला, तर पुन्हा माझ्याच नावानं ओरडाल!

आमच्या तांड्यात टीव्ही एकच होता, तोबी काळापांढरा, तवाची गोष्ट. शाळा चौथीपर्यंत. तिथं औंढ्याकडचे एक नवे गुरुजी आले. माणूस गुणाचा, पण डोक्यात नाटकाचं खूळ! कुठल्या तरी गोऱ्या मुलखातली लेकरांची जुनी कादंबरी त्यांनी आणली. समुद्राकाठी एक अनाथ पोरगी आपल्या आजीपाशी राहते. शहरातल्या बोर्डिंगचा मॅनेजर तिला शिकायला घेऊन जातो. पोरगी रडत जाते, शिकून परत येते आणि गावात शाळा काढते. एवढीच गोष्ट.

गुरुजी म्हणले, "आजी, मी वाचतो. तुमी आपल्या बोलीत सांगा, मी लिहून घेतो."

मला अक्षर येत न्हाई. पण गोष्ट सांगायला अक्षर कशाला लागतं? मी समुद्राची नदी केली, जहाजाची जीप केली. "हे लेकरू पावाला लोणी काहून लावून राहिलं? भाकरीवर चटणी द्या त्याला!" गुरुजी मुकाट्यानं बदलायचे. तिथंच मी डोक्यावर चढले असंन. आजीच्या कामाला कोणी पोरगी तयार होईना, तर म्हणले, "तुमीच करा."

गॅदरिंगला तालुक्याहून शाळा तपासणाऱ्या मॅडम येणार होत्या. त्यांच्या मनाला आलं, तर नाटक हिंगोलीला, मोठ्या स्टेजवर! शेजारच्या झमकीची शेवंती नाटकातली पोरगी झालेली. तिनं हिंगोली कधी बघितली न्हवती. रोज येऊन विचारायची, "आजी, आपलं नाटक जाईल ना गं?"

"जाईल की! मी हाय ना!"

बघा. असं बोलू नये माणसानं.

माझं काम सोपं होतं. जीप आली की शेवंतीला जवळ घ्यायचं आणि रडायचं. पण कोणी 'रडा' म्हणलं की रडू येतं का हो? मला हसूच यायचं. गुरुजी वैतागून म्हणायचे, "आजी, रडून राहिल्या का शिंकून राहिल्या?" महिनाभर हीच तकलीफ! शेवटी मीच भडकले. "जाऊ द्या गुरुजी, त्या दिशी बघा!"

आता आमच्या तांड्याची रीत ऐका. पोरगी सासरी निघाली की बाया तिच्या गळ्यात पडून ढावलो म्हणतात. ढावलो म्हणजे गाण्यातलंच रडणं. आणि एकीनं सूर धरला की बाकीच्यांनी गप बसायचं न्हाई. गप बसली ती पोरीची वैरीण!

तो दिवस आला. मॅडमचा पत्ता न्हाई. उशीर व्हायला लागला म्हणून गुरुजींनी पडदा उघडला. पुठ्ठ्याची जीप आली. आपल्या बापाचा कोट घालून रुपला मॅनेजर झालेला. मी शेवंतीला जवळ घेतलं आणि... डोळे कोरडे ठक्क! पडद्यामागून गुरुजी कळवळून राहिले, "रडा आजी, रडा!"

मंग मी काय केलं? पदर तोंडावर ओढला अन् ढावलो धरला!

पहिल्या रांगेतली धुरपता ताडकन उठली. तिच्यामागं लच्छी. मंग सगळी रांगच. बघता बघता वीस-पंचवीस बाया स्टेजवर!

"अगं, लेक कोणत्या तांड्यात दिली?"

"मला काय ठाव! आधी रड, मंग विचारू!"

शेवंती खरीच रडायला लागली. तिची माय झमकी धावत आली अन् पोरीच्या कपाळाला कुंकू लावलं. एका म्हातारीनं रुपल्याचा कोट धरला, "आमच्या लेकीला नीट नांदव रे!"

आणि नेमक्या त्याच वक्ताला मॅडम आल्या. त्यांना काय दिसलं? नवी कापडं घातलेली, कुंकू लावलेली दहा वर्षांची पोरगी, रडणाऱ्या बाया अन् कोटातलं पोरगं!

"थांबवा हे लग्न!" मॅडम कडाडल्या.

गुरुजी पळत बाहेर आले. "मॅडम, लग्न नाही, नाटक आहे!"

"सगळे असंच सांगतात! या बायका काय नाटक करतायत?"

"नाही... त्या खऱ्याच रडतायत."

"मग लग्नही खरंच!"

रुपल्यानं कोट फेकला अन् ठो ठो बोंबलला, "मी नवरदेव न्हाई! मी मॅनेजर हाय! मी चौथीत हाय!"

तांड्याचे नाईक मला म्हणले, "अगं, सोड त्या पोरीला!"

"मी कशी सोडू? घरच्या माणसानं सोडवायची रीत हाय. कुठं हाय तिचा मामा?"

मामा खाली बसून डोळे पुसून राहिला होता!

शेवटी नाईकांनीच शेवंतीला सोडवलं, मॅडमला समजावलं. उरलेलं नाटक पार पडलं. शेवंतीनं असं काम केलं, असं काम केलं, की मॅडम म्हणल्या, "नाटक हिंगोलीला न्या. पण..." अन् माझ्याकडं बघितलं.

दुसऱ्या दिशी गुरुजी घरी आले. नजर खाली. "आजी, जरा बदल केला. आपली आजी पडदा उघडायच्या आधीच वारली."

"अवो, पुस्तकात तर ती शेवटपर्यंत जिती हाय!"

"पुस्तकातली आजी ढावलो म्हणत न्हाई, आजी."

मंग काय! शेवंती हिंगोलीला गेली. मोठ्या स्टेजवर, लायटीत उभी राहिली. तिच्या मागं भिंतीवर माझा फोटो, फोटोला हार. अन् मी खाली, पब्लिकमधी. शेजारची बाई एकदा फोटोकडं बघायची, एकदा माझ्याकडं.

"अवो, ती म्हातारी तुमच्यावानीच दिसून राहिली. काहून वारली हो बिचारी?"

म्हणलं, "मन लावून काम केलं बाई, दुसरं काय!"