कापगतेच्या पोरीचे साठ चेंडू

तीन माणसं रोज संध्याकाळी एकाच पायरीवर बसायला लागली की किस्से शोधावे लागत नाहीत. चहाच्या कपात तळाशी साखर राहते तसे ते साचत जातात, कुणीतरी चमचा फिरवायचा अवकाश. आज मी फिरवतो. आमच्यात माझी सोडून कुणाचीच लाज जायची नाहीये, तेव्हा काळजी नाही.

आमची पायरी म्हणजे भिलाईत आमच्या सेक्टरच्या ग्राउंडची. तिथे मुलींची बेसबॉलची टीम आहे. मी हटवार, स्टील प्लँटमध्ये प्लेट मिलला. माझ्या शेजारी बसतो तो कापगते. माझ्यासारखाच भंडाऱ्याकडचा, माझ्याच मिलमधला, माझ्याच वर्षी लागलेला, आणि माझ्यापेक्षा एक ग्रेड वर. तिसरे दुर्गचे जोशीकाका, बँकेतून रिटायर झालेले. त्यांची नात टीममध्ये आहे, पण ती लांब उभी राहून चेंडू झेलते, म्हणून काका शांत असतात.

माझी नंदू पिचर आहे. कापगतेची रोशनीपण पिचर आहे. टीम एक, पिचर दोघी, आणि एका वेळी चेंडू एकीच्याच हातात. बाकी सगळं यातच आलं!

*

सुरुवातीला आम्हा तिघांनाही या खेळातलं ओ की ठो कळत नव्हतं. क्रिकेटवर वाढलेली माणसं आम्ही. पिचर म्हणजे बोलर, एवढं आपलं आपण ठरवून टाकलं.

जोशीकाकांनी पहिल्या दिवशी पाच मिनिटं बारकाईने पाहिलं आणि त्यांना सगळ्या खेळाचीच दया आली. म्हणाले, "अहो हटवार, एकाही चेंडूचा टप्पा पडत नाहीये. सगळेच फुलटॉस! या पोरींना शिकवतं कोण?"

कापगतेने त्यांना समजावलं की यात टप्पा नसतोच, थेट बॅटवालीच्या मागे बसलेल्या कॅचरच्या हातात टाकायचा असतो. दहा मिनिटांनी काकांनी हळूच विचारलं, की मग एकीला किती ओव्हर?

ओव्हर नसतात, हे कळल्यावर तर ते खरंच घाबरले. पिचरला जोवर काढत नाहीत तोवर ती टाकतच राहते, हे काही त्यांना पटेना. त्या दिवसापासून पिचर कधी बदलायची, यावर आमच्या पायरीवर जो वाद सुरू झाला तो आजतागायत मिटलेला नाही.

*

प्लँटमध्ये एक नियम आहे. शिफ्ट संपली तरी रिलीव्हर आल्याशिवाय जागा सोडायची नाही. पुढचा माणूस येणार, त्याला काय चालू आहे, कुठे काय अडलंय ते सांगायचं, मगच निघायचं. वीस वर्षांत हे अंगात मुरतं.

एका म्याचला टीमच्या कोच सरांनी रोशनीला बाहेर बोलावलं. नंदू अजून बेंचवर बुटाची लेस बांधत होती. रोशनी चेंडू खाली ठेवून निघाली आणि कापगते पायरीवरून उठून उभाच राहिला.

"रोशनी, जागा नको सोडू! रिलीव्हर आली का?"

पोरगी जागच्या जागी थांबली. नंदू आली तेव्हा तिने तिला सगळा चार्ज दिला: दुसऱ्या बेसवर कोण उभी आहे, कोणती पोरगी खालचा चेंडू मारते, सगळं. अंपायर घड्याळ बघत राहिला.

सरांना ते इतकं आवडलं की त्यांनी तो टीमचा नियमच करून टाकला. "कापगते जी, बहुत बढ़िया आइडिया दिया आपने।"

आता मला सांगा, मीपण त्याच मिलमध्ये काम करतो. मलाही रिलीव्हरचा नियम माहीत आहे. तोच विचार माझ्याही मनात आला होता, फक्त मी उठेपर्यंत कापगते बोलून मोकळा झाला. घरी जाऊन मी बायकोला हे सांगितलं. ती म्हणाली, "तुमी बुटाची लेस पाहून राहिले असान." पाहत होतो, हे खरं आहे.

*

आमचा सगळ्यात मोठा वाद: आधी कोणी टाकायचं?

रोशनीचा चेंडू वेगाने येतो. कॅचरच्या हातात असा वाजतो की आम्हाला पायरीवर ऐकू येतं. नंदू डावरी. तिचा चेंडू सावकाश येतो आणि शेवटी खाली बसतो. कापगतेचं म्हणणं, रोशनीला आधी टाकू द्यावं.

"रोशनीच्या स्पीडची सवय लागली ना, मंग नंदूचा स्लो बॉल त्याहिले दिसतच नाही. आधीच बॅट फिरवून मोकळ्या होतात."

बोलणं बिनचूक होतं. नंदूचं कौतुकच होतं ते. पण मला त्यात फक्त 'स्लो' ऐकू आलं. आठवडाभर मी त्याला कँटीनमध्ये जागा धरली नाही.

मी उलट मत मांडलं, की खरी पिचर ती, जी शेवटी येऊन म्याच वाचवते. सुरुवात कुणीही करतं. महिनाभर हेच ओरडून सांगितलं. मग एकदा सरांनी नंदूला आधी टाकायला दिलं, आणि मी त्याच संध्याकाळी सिद्ध केलं की सुरुवात भक्कम असली की शेवटाला कुणीही चालतं.

जोशीकाकांनी चष्मा पुसला. "हटवार, तुमचं मत पोरीच्या मागे मागे धावतंय हो. दम लागेल त्याला."

*

रोशनीच्या हातात एवढा जोर येतो कुठून, या एका प्रश्नाने माझी झोप उडाली होती. मी बायकोला कापगतेवहिनींकडे पाठवलं. सहज गेल्यासारखं करायचं आणि पोरगी खाते काय ते काढून आणायचं, असं ठरलं.

बायको दोन तासांनी हसत परत आली. "वहिनी म्हणे, रोशनी घरी काहीच खात नाही. ग्राउंडवर नंदूच्या डब्यातलं खाते. तुमच्या घरची जवसाची चटणी आन् पोळ्या तिले लय आवडते म्हणे."

म्हणजे तो जोर माझ्याच घरातून चालला होता! माझ्याच स्वयंपाकघरातलं, माझ्याच बायकोच्या हातचं खाऊन ती पोरगी माझ्या पोरीच्या पुढे निघाली होती.

मी सांगितलं, उद्यापासून डब्यात मोजून पोळ्या दे, नंदूपुरत्या. बायकोने ऐकून घेतलं. दुसऱ्या दिवसापासून ती दोन पोळ्या जास्त द्यायला लागली, आणि चटणीची वेगळी डबी.

*

हा किस्सा मी आजवर कुणाला सांगितलेला नाही.

कुरुदच्या पलीकडच्या एका ग्राउंडवर म्याच होती. कापगतेला दुपारची शिफ्ट होती, म्हणून तो सकाळीच मला म्हणाला, "भाऊ, रोशनीलेबी तुह्याच स्कूटरवर घेऊन जाजो." सुरुवात रोशनी करणार होती.

सेक्टरमधून निघालो आणि माझ्या डोक्यात सैतान शिरला. ही पोरगी वेळेवर पोचली नाही तर? सरांना चेंडू नंदूच्याच हातात द्यावा लागेल. मी सरळ रस्ता सोडला आणि हथखोजकडून स्कूटर घातली. तिथे कारखान्यांच्या दारात ट्रकांची रांग लागलेली असते, हे भिलाईत शेंबड्या पोरालाही माहीत आहे. हवी तशी रांग मिळाली. दोन ट्रकांच्या मधे आम्ही पाऊण तास उभे होतो. धूळ खात मी मनातल्या मनात खूश होतो.

ग्राउंडवर पोचलो तर म्याच सुरू झालेली. रोशनी उतरली. तिच्या मागून नंदू उतरली.

स्कूटर एकच होती, हे माझ्या तोवर ध्यानातच आलं नव्हतं!

सरांनी जोशीकाकांच्या नातीला पिचर केलं होतं. आम्ही वाईट हरलो. जोशीकाका मात्र महिनाभर नातीची टीमची टोपी घालून ऐटीत फिरत होते. आणि कापगतेने दुसऱ्या दिवशी मिलमध्ये सगळ्यांसमोर माझे आभार मानले, पोरीला एवढ्या ट्रॅफिकमधून सुखरूप नेलं म्हणून.

*

मग मला एक मान मिळाला.

सरांचा स्वतःचा एक नियम होता: कोवळी हाडं आहेत, साठ चेंडू झाले की पिचर बदलायची. मग ती कितीही छान टाकत असो. पण सरांना म्याच सांभाळून मोजता येत नसे. त्यांनी पायरीकडे पाहिलं आणि विचारलं, की ये गिनती का काम कौन करेगा?

प्लेट मिलमध्ये माझा जन्म प्लेटा मोजण्यात गेला. चार उभ्या रेघा, पाचवी आडवी. मी हात वर केला. सरांनी मला एक वही दिली. या वेळी कापगते लेस पाहत होता की काय, कोण जाणे, पण त्याने हात वर केला नाही. मी त्याच्याच शेजारी बसून मोजायला लागलो. इतका आनंद मला ग्रेड मिळाल्यावरही झाला नव्हता, आणि ग्रेड तर मिळालीच नव्हती.

पहिल्या दोन म्याच मी देवाला स्मरून मोजल्या. तिसऱ्या म्याचला रोशनीने सलग तिघींना बाद केलं, लोक टाळ्या वाजवत होते, आणि माझ्या पेनातून एक रेघ जास्तीची निघाली. खरं सांगतो, पहिली रेघ चुकून निघाली. दुसरी नाही.

त्यानंतर रोशनीचे साठ हे पंचावन्नलाच व्हायला लागले. नंदूचे साठ मात्र साठच. तिच्यात मी कमी-जास्त केलं नाही, म्हणून मी स्वतःला इमानदार समजत होतो.

*

आता शेवटचा.

त्या म्याचला राज्याच्या टीमसाठी निवड करणारे दोघं येऊन बसले होते. सरांनी आधीच सांगून ठेवलं होतं, की आपल्याकडून पिचर एकच घेतील. आदल्या दिवशी नंदूने मला विचारलं होतं, "पप्पा, मेरा होगा क्या?" मी म्हणालो होतो, होईल. कशाच्या जोरावर म्हणालो ते मलाच माहीत.

सुरुवात रोशनीने केली. आणि काय टाकलं पोरीने! समोरच्या मुलींना चेंडू दिसत नव्हता. निवडवाल्यांतला एक पेन खाली ठेवून नुसता पाहत बसला. नंदू बेंचवर. मी रेघा ओढत होतो. एका चेंडूला एक, मधेच एखाद्या चेंडूला दोन.

साठ झाले, मी हात वर केला.

सरांनी नंदूला पाठवलं. नंदू मधोमध गेली, रोशनीने तिच्या हातात चेंडू दिला, आणि नंदूने तो तिला परत दिला. मग सरांकडे वळून, सगळ्या ग्राउंडला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सर, अभी नौ बाकी हैं। मैं बेंच पे गिन रही थी।"

माझ्याकडे तिने पाहिलं नाही.

सर सरळ पायरीकडे आले. वहीसाठी हात पुढे केला. "हटवार जी, इक्यावन हुआ है कि साठ?"

जोशीकाका खाली पाहत होते. आणि कापगतेने माझ्या मांडीवरची वही उचलून मिटली.

"सर, मैंने बोला था इसको," तो म्हणाला. "रोशनी के कंधे में दर्द रहता है। मैंने ही कहा कि दो-चार ज्यादा लिख दिया कर, जल्दी निकल आएगी। इसकी गलती नहीं है।"

खांदा म्हटल्यावर सरांनी पुढे काही ऐकलंच नाही. ते धावत आत गेले आणि त्यांनी रोशनीला बाहेर काढलं. ती हात गोल गोल फिरवून दाखवत होती, काही नाही झालं सर, काही नाही झालं म्हणत होती. सरांनी तिला बेंचवर बसवलं आणि खांद्यावर बर्फ ठेवायला लावला. निवडवाल्याने पेन उचलून काहीतरी लिहिलं.

कापगते माझ्या शेजारी बसला. इतकी वर्षं मी या माणसाच्या ग्रेडवर जळलो, त्याच्या पोरीच्या हातावर जळलो, सर त्याला जी म्हणतात त्यावर जळलो. पण त्या क्षणी मला त्याचा जेवढा हेवा वाटला तेवढा कधी वाटला नव्हता. मी त्याच्याकडे पाहूही शकलो नाही.

त्याने वही उघडली, कोरं पान काढलं आणि माझ्या मांडीवर ठेवली.

"घे," तो म्हणाला. "नंदूचा पयला बॉल गेला. तू लिव्हला नाही."