दोन्ही नावं एकाच बाईची

मामांच्या सैन्यातल्या नोंदीत बायको म्हणून जिचं नाव आहे, ती वारली तेव्हा मी शाळेत होतो. तिच्या मातीला मी गेलो होतो. ती माझी थोरली मामी. कासुर्डीच्या घरात आज जी चूल सांभाळते ती धाकटी मामी, थोरलीची सख्खी बहीण. तिचं नाव सैन्याच्या एकाही कागदावर नव्हतं.

थोरलीला मूल झालं नाही. तिने स्वतः माहेरी जाऊन धाकटीसाठी मागणी घातली आणि तिला सवत म्हणून घरी आणलं. त्या काळी आमच्या भागात हे नवीन नव्हतं. पण पहिली बायको असताना सैनिकाला दुसरं लग्न करता येत नाही. मामांनी ते कळवलं नाही. धाकटी बाळंतपणाला छावणीच्या दवाखान्यात गेली ती थोरलीच्या नावाने. ओळखपत्रावरच्या फोटोत पदर डोळ्यांपर्यंत होता, कुणी शंका घेतली नाही. पुढे थोरली काविळीने गेली. त्या मृत्यूची नोंद ग्रामपंचायतीत कुणी केली नाही आणि सैन्याला कळवायचा प्रश्नच नव्हता. त्यांच्या लेखी ती जिवंत होती, दोन मुलांची आई होती.

मामा हवालदार म्हणून निवृत्त झाले. शेत थोडं, मुलगा रांजणगावला कंपनीत कंत्राटावर, मुलगी सासरी. घर चालायचं ते मामांच्या पेन्शनवर. मग त्यांची फुप्फुसं निकामी होऊ लागली. पलंगाशेजारी ऑक्सिजनचं यंत्र आलं आणि एक प्रश्न घरात उभा राहिला. मामांच्या मागे पेन्शन मिळणार ती नोंदीतल्या बायकोला. मामीच्या आधार कार्डावर तिचं स्वतःचं नाव आहे. नोंद दुरुस्त झाली नाही तर तिला काहीच मिळणार नव्हतं.

मी शिरूरला वर्तमानपत्राचं काम करतो. अर्ज लिहायला मला बोलावण्यात आलं.

"जे झालं ते लिहू," मी म्हणालो.

"लिही की," मामा म्हणाले. "पयली जित्ती असताना केलेली दुसरी, आसं लिही. आसल्या बायकूला सरकार काय देतंय, ठावं हाय का पत्रकार?" ते हसले आणि हसण्याचा खोकला झाला.

नियम मी पाहून घेतला होता. मामा बरोबर होते. अशा बायकोला पेन्शन नाही.

वाट मामांनीच शोधली होती. आमच्याकडे लग्नात नवरीचं नाव बदलतात. ताटात तांदूळ पसरून नवरा अंगठीने नवं नाव लिहितो. जुनं नाव माहेरी राहतं, कधी शाळेच्या दाखल्यावर राहतं. त्यामुळे दोन नावांच्या बायका इथल्या कचेऱ्यांना रोजच्याच आहेत. एक प्रतिज्ञापत्र करायचं: ही दोन्ही नावं एकाच बाईची. माहेरचं एक, सासरचं एक.

मसुदा मी टाइप केला. दौंडला कोर्टाच्या आवारात पत्र्याच्या शेडखाली नोटरी बसतो. मामांना जीपमधून नेलं, सोबत छोटा सिलिंडर.

"नाव बदललेलं का आजी?" नोटरीने विचारलं.

"लग्नात बदलत्यातच की," मामा म्हणाले.

"आजोबा, तुम्हाला नाही विचारलं. आजी, दोन्ही नावं तुमचीच ना?"

मामी शाईच्या पॅडकडे बघत होती. "अंगठा कुठं करायचा?" तिने विचारलं.

मामी चौथी शिकलेली आहे. तिला सही येते. सहीत एक नाव लिहावं लागलं असतं. नोटरीने जागा दाखवली, तिने अंगठा उमटवला आणि पदराला पुसला.

परतताना केडगाव मागे पडलं. मग मामी म्हणाली, "ताईला माझ्यात घातलं तुमी."

"कागदावर गं."

"तिचं दुसरं काय हाय? पोर न्हाई, बाळ न्हाई. भितीवर येक फोटो."

मामांनी नळी सारखी केली आणि डोळे मिटले. त्या दिवसापासून मामी त्यांच्याशी कामापुरतं बोलू लागली.

अर्ज पुण्याला सैनिकांच्या कार्यालयात गेला. काही आठवड्यांनी कळलं की गावात येऊन पडताळणी होईल, तारीख कळवली जाणार नाही. ही बातमी गावात कशी पसरली ते मला माहीत नाही. पण मामांचा चुलतभाऊ दुसऱ्या दिवशी ओट्यावर येऊन बसला. त्याचं रान मामांच्या रानाला लागून आहे आणि बांधावरून दोघांचं बरीच वर्षं वाजलेलं आहे. एरवी तो यायचा तो नवमीला, भावकी म्हणून जेवायला.

"आप्पा, वहिनींची दोन नावं हायेत म्हनं."

"हायेत."

"बरं हाय. माझ्या बायकूचं येकच हाय, आन् त्ये बी मला घ्यायची चोरी. लगीच भांडान." तो स्वतःच हसला. चहा संपवला, कपबशी पालथी घातली. उठताना म्हणाला, "नवमी आली की जवळ. औंदा हाय न्हवं जेवाण?"

पितृपंधरवड्यातली नवमी सवाष्ण गेलेल्या बायकांची असते. नवरा हयात असताना जी गेली, तिच्या नावाने त्या दिवशी एका सवाष्णीला जेवू घालतात आणि तिची ओटी भरतात. हे सासरघरी करतात, घरच्या सुनेसाठी. मामी दरसाल थोरलीची नवमी घालायची. एकही साल तिने चुकवलं नव्हतं.

चुलतभाऊ गेल्यावर मामांनी दार लावून घ्यायला सांगितलं.

"औंदा नवमी नको," ते म्हणाले.

"का?"

"कळतंय तुला का त्ये. येका सालानं काय बिघडतंय?"

"वरसातनं येक दिस तिचा. त्यो बी तुमच्या पेन्शनीत घालू?"

"माझ्या न्हाई. तुझ्या." मामांचा आवाज चढला, मग दमच राहिला नाही. "मी गेल्यावर तू खानार काय?"

मामीने सूप ओढलं. ती पुरणाची डाळ निवडायला बसली.

नवमीला मी गेलो होतो. फोटो खाली उतरवून पाटावर ठेवला होता, त्याला झेंडूची माळ. शेजारची सवाष्ण ताटावर बसली होती. चुलतभाऊ न बोलावता येऊन भिंतीला टेकला होता. तिने पहिला घास घ्यायच्या आत दारात मोटारसायकल थांबली. पडताळणीचा माणूस होता. तोही माजी सैनिक, पन्नाशी ओलांडलेला, बोलायला सभ्य. त्याला हाच दिवस कुणी सुचवला की तो योगायोग होता, हे मला अजून कळलेलं नाही. मी चुलतभावाकडे पाहिलं. तो ताटाकडे बघत होता.

पाहुण्याने बूट काढले, मामांना रामराम केला, खुर्चीत बसला. फाइल उघडण्याआधी त्याची नजर पाटाकडे गेली.

"नवमी का? कुणाची?"

मामांनी उशीवरून मान उचलली.

"हिच्या बहिनीची," मामा म्हणाले.

"बहिणीची सासरी घालतात?" त्याने अगदी सहज विचारलं. "आमच्याकडे घरच्या सुनेची घालतात."

"आमच्याकडं बी तसंच हाय, सायेब," चुलतभाऊ म्हणाला.

मामी स्वयंपाकघरातून बाहेर आली. हातात पळी तशीच होती.

"ती ह्यांची पयली. माझी थोरली बहीन. मी मागनं आले, ती असतानाच." मग तिने थोरलीचं नाव सांगितलं, वडिलांच्या आणि नवऱ्याच्या नावासह. "लिवा."

"आणि तुमचं?"

तिने आपलं सांगितलं. त्याने दोन्ही लिहून घेतली, वेगवेगळ्या ओळींवर. मग मामांना विचारलं, "हवालदारसाहेब, प्रतिज्ञापत्रावर अंगठा यांचाच?"

"व्हय."

तो जेवला नाही. पाणी प्यायला, फोटोला हात जोडले आणि गेला. मामीने सवाष्णीच्या ताटात पुरणपोळी वाढली. चुलतभाऊ जेवून गेला.

मुलगा रविवारी रांजणगावहून आला. "मेलेलीसाठी जित्तीचा घास घालवला आईनं," असं मला म्हणाला आणि आईशी न बोलता परत गेला.

त्यानंतर कार्यालयाचं पत्र आलं. अर्जातली माहिती आणि पडताळणीतली माहिती यांत तफावत आहे, लेखी खुलासा द्यावा. मी लिहायला बसलो. मामी सांगत होती: थोरली कशी मागणी घालायला आली, कशी आजारी पडली, कुठल्या खोलीत वारली. मी सवयीने वाक्यं आखूड करत होतो.

"कमी नको करूस," ती म्हणाली. "म्या सांगितलं तेवढं लिव."

मामांनी कागद दोनदा वाचून दाखवायला लावला. "माझी बी पेन्शन थांबवतील गं," ते म्हणाले.

"थांबवू द्या."

त्यांना पेन धरायला वेळ लागला. सही नीट आली नाही, पण आली. खुलासा मी पुण्याला नेऊन दिला आणि पोच घेतली.

उत्तर आलेलं नाही. मामांची पेन्शन अजून जमा होते. ती जमा झाली की मुलगा मोबाइलवर बघतो आणि आईला सांगायला मला सांगतो. मामांना आता उठून बसता येत नाही.

पूर्वी मामी फोन करून विचारायची, पत्र आलं का. आता ते विचारत नाही. परवा तिने विचारलं, त्या अंगठ्याची चौकशी करायला तिकडून माणसं यायची असली तर आधी कळवतात का, का तशीच येतात. मला माहीत नव्हतं. तसं मी तिला सांगितलं.