दारात न गेलेली हलगी

लाकडाचं जळतं ढलपं मीच उचललं.

आप्पांच्या मळ्यात त्यांच्या लेकीचं लगीन व्हतं. यवतपासनं आत, कालव्याच्या कडंला आमचं गाव. आप्पा गावातलं मोठं बागायतदार. आमी मांग. कुनाचं लगीन असू दे, मयत असू दे, हलगी आमच्या घरानं वाजवायची आन् मांडवाच्या भायेर उभं ऱ्हायाचं.

नवरा सकाळधरनं वाजवत व्हता. दवानं कातडं सैल पडल्यालं. हलगी शेकल्याबिगर कडक बोलत न्हाई. म्हनून मी सयपाकाच्या चुलवनापाशी गेले, भायेर आल्यालं एक ढलपं घेतलं. बाजूला चार काटक्या लावल्या. नवरा शेकाय बसला.

तेवढ्यात आप्पांचा पुतन्या आला. माझ्या नवऱ्याच्या निम्म्या वयाचा.

"आमच्या चुलवनाला हात लावला व्हय रं? समदं जेवान बाटवलं."

"जाळ घेतला निस्ता, मालक. भांड्याला शिवली न्हाई ती."

पुतन्यानं पान्याची बादली उचलली. जाळावर वतली. राह्यलेली हलगीवर वतली. म्हनला, "वाजव आता."

नवऱ्यानं वाजवली. ओली हलगी. थप. थप. कुनी ओली गोधडी बडवावी तसा आवाज. मांडव हसला. एक बाई म्हनली, "अगं बया, मांगाची हलगी सर्दावली की!" अजून हसली मानसं. आप्पा खुर्चीत पान चघळत व्हतं. बघत व्हतं. माझी लेक लुगड्याला धरून उभी व्हती, ती बी हसली. लहान व्हती. समदी हसत्यात म्हनून हसली.

नवरा थांबला न्हाई. थांब म्हनायला कोन व्हतं? वाजवता वाजवता कातडं मधोमध फाटलं. तवा पुतन्या म्हनला, जा.

जाताना उरल्यालं जेवान पाटीत टाकलं, वरनं, हात लागू न देता. घरी आनून आमी ते खाल्लं. भूक व्हती. खोटं कशाला सांगू.

यात्रा जवळ आली. पुतन्या जीपमधनं आला आन् दारात बकऱ्याचं कातडं फेकलं. "यात्रेला नवी हलगी पायजे. आप्पांनी कातडं दिलंय बघ, तुला काय कमी हाय?" नवऱ्यानं ते कातडं उचललं. कपाळाला लावलं.

पानी वतलं ते मी बघितलं व्हतं. समदी हसली ते बी बघितलं. पर ह्ये बघवलं न्हाई.

कातडं वढून घेतलं, मळ्याच्या फाटकावर टाकून आले. नवरा म्हनला, "मारत्यात गं आपल्याला."

"मारू द्या. हलगी करू. पर आपली."

शिरूरला माझं म्हायेर, घोडनदीच्या कडंला. माझा बा लाकडी कड्याच्या हलग्या करायचा. एस्टीनं गेले. भावाकडनं आंब्याचं खोड घेतलं, बकरीचं कातडं घेतलं. डोक्यावर घेऊन आले. कंडक्टर म्हनला, "मावशी, वास मारतोय." मागं जाऊन बसले.

नवऱ्याला दमा. लाकूड तासायचा वाकस मारला का धाप लागायची. मग मीच मारला. खोडाची चकती पाडली, मधला गाभा कोरून काढला. गोल काय नीट व्हईना. तळहाताला फोड आलं, फुटलं, पुन्हा आलं. नवरा भिताडाला टेकून बघायचा. मग म्हनायचा, "ह्या अंगानं अजून जाड हाय." मी तासायची. कातडं चुन्याच्या पान्यात भिजवलं, खुरप्यानं केस खरवडलं. चिंचोक्याची खळ करून कड्याला लावली, ओलं कातडं तानून बसवलं, सुतळीनं आवळलं. सावलीत सुकवलं. उन्हात तडकतंय. शेजारनी म्हनायच्या, बाई मानसानं हलगी केली, आता काय बघायचं ऱ्हायलं. मी ऐकून घ्यायची. सुतळी अजून आवळायची.

यात्रेदिवशी आप्पा सोता आलं. उंबऱ्याभायेर उभं.

"हलगी झाली म्हनं?"

"झाली."

"मग चला. पालखी आमच्या दारात खोळंबलीया."

नवरा उठाय लागला. सवय. मी त्याच्या खांद्यावर हात ठिवला.

"आप्पा, हलगी तुमच्या दारात येनार न्हाई."

"कुनाच्या जीवावर बोलतीस गं?"

"माझ्या."

"उद्यापासनं आमच्या रानात पाय ठिवायचा न्हाई."

"न्हाई ठिवत."

आप्पांनी नवऱ्याकडं बघितलं. नवरा खाली बसला. नजर भुईला. पर बसला.

रान बंद झालं. हिरीचं पानी बंद झालं. शेळी बी बांधाला चरू देईनात, इकली. तवा कुरकुंभला कंपन्या आल्या व्हत्या. ठेकेदाराच्या हाताखाली झाडलोट धरली. शिफ्टला सडकंपत्तूर चालत जायाची, फुडं एस्टी, येताना बी तसंच. त्या धुरानं डोळं गेलं निम्मं. सुख आलं असं न्हाई. कुनी सांगत असंल तर खोटं.

नवरा दम्यानं गेला. मयताला आमच्याच आळीतली मानसं म्हनली, बाईनं हलगी वाजवायची नसती. मी वाजवली. पार वढ्यापत्तूर. हात भरून आलं तरी वाजवली.

आता लेकीचा संसार माझ्याच घरात हाय. हलगी खुटीला हाय. मोठ्या घरची पोरं गाडी घेऊन येत्यात. "आजी, तुमी" म्हनत्यात. मिरवनुकीला जुनं वाद्य पायजे म्हनत्यात. मी इचारते, "मांडवात बशिवनार का आमाला? तुमच्या पंगतीला?" मग एकमेकाकडं बघत्यात. एक म्हनला, "आजी, ते मोठ्या मानसांना इचारावं लागंल."

इचारून या म्हनलं. कोन फिरकलं न्हाई.

लेकीला सांगून ठिवलंय. मी मेल्यावर कुनी मागाय आलं, लई गोड बोललं, तुला अडचन असली, तरी द्यायची न्हाई. लईच नड आली तर कुऱ्हाड घ्यायची आन् कडं फोडायचं. माझ्या हातानं केल्यालं हाय, तुझ्या हातानं मोडलं तर चालंल. त्यांच्या दाराभायेर उभं ऱ्हायाला ही हलगी जानार न्हाई.