सोळा बांबू

कुणाच्याही घरात शिरला की तो आधी भिंतीला हात लावायचा. अंगठा आणि करंगळी ताणून वीत टाकायची, मग दुसरी, मग तिसरी. फळीखाली, खाटेखाली, माळ्याखाली. यजमान चहा घेऊन येईपर्यंत त्याचं मोजून झालेलं असायचं. मग खाली बसून तो समाधानानं म्हणायचा, "जागा असती बाबू. मानसाला दिसत न्हाई."

आता तुम्हीच सांगा, असा माणूस शेजारी राहायला आला तर तुम्ही काय समजाल?

मी हिंगोली स्टेशनात मालबाबू होतो. पूर्णेकडून येणारी गाडी त्या काळी आमच्या इथंच संपायची, पुढं रूळच नव्हते. तो सांधेवाला. गाडी कुठल्या रुळावर घ्यायची, रिकामे डबे कुठं सारायचे, त्यासाठी रुळांचे सांधे बदलणं हे त्याचं काम. स्टेशनामागे आमची घरं एका भिंतीला भिंत लावून होती. मला दोन खोल्या, त्याला एक. त्या एका खोलीत तो आणि त्याची बायको. मूलबाळ नव्हतं.

तो सेनगावकडच्या एका तांड्यावरचा होता. त्याचा आजा बैलांच्या पाठीवर धान्य लादून मुलुखभर फिरलेला. तांड्यावरचा माणूस दारात आला की आमच्या वस्तीतल्या बायका आधी ओट्यावरची भांडी आत घ्यायच्या. माझ्या घरातही हेच चालायचं, हे मी लपवत नाही. तो मोजून गेला की माझी पत्नी सगळ्या कड्या तपासायची आणि म्हणायची, "आज खाटेखालचं मोजून गेलाय. सांगून ठेवते."

माझा स्वभाव मुळातच संशयी. मालधक्क्यावर बारा वर्षं पोती मोजली की माणूस तसाच होतो. पण त्याच्याबाबतीत संशय घ्यायला मला फार कष्ट पडले नाहीत. दुपारची गाडी गेली की स्टेशन निवांत. सगळे पारावर आडवे व्हायचे आणि हा घरात जाऊन दार लावून घ्यायचा. मग भिंतीपलीकडून कानस घासल्याचा आवाज. खर्र, खर्र. मधेच थांबायचा. मग बारीक ठोकाठोकी. एकदा मी सहज विचारावं तसं विचारलं, "दुपारी काय करतोस रे?"

"बसून ऱ्हातो, बाबू."

बसून राहणाऱ्या माणसाचा एवढा आवाज मी तरी ऐकलेला नाही.

दुसरी गोष्ट कापसाच्या मोसमातली. त्या हिवाळ्यात गाठी इतक्या आल्या की आमचं तीन रुळांचं यार्ड तुंबून गेलं. भरलेले डबे मागे, रिकामे पुढे, इंजिनाला सुटायला वाट नाही. आमचे मास्तर डोक्याला हात लावून बसले. हा तिथं उभा होता. त्यानं सगळं एकदा पाहून घेतलं आणि म्हणाला, "मास्तर, अर्धा तास द्या. घरी जाऊन येतो."

"आत्ता? जेवायला?"

"न्हाई. जरा बघून येतो."

अर्ध्या तासानं परत आला आणि घडाघडा सांगायला लागला. आधी हे चार डबे इकडं, मग ते दोन तिकडं, मग इंजिन मागून घ्या. "सबंध गाडीयेवढी जागा काहून धुंडून राहिले तुमी? गाडी मदी तोडा. अर्धी हितं, अर्धी तितं." तसं केलं आणि दिवस मावळायच्या आत यार्ड मोकळं झालं. मास्तरांनी ते स्वतःच्या नावावर वर कळवलं. माझ्या डोक्यात मात्र भलताच किडा शिरला. हा अंगठेबहाद्दर माणूस घरी जाऊन कुणाला विचारून आला? त्याच्या घरात आहे तरी कोण?

ते दिवस आठवतात ना तुम्हाला? अठ्ठेचाळीसचा उन्हाळा. राज्य निजामाचं, पण कुणाचं राहणार ते कुणालाच ठाऊक नाही. कुणी कुणाच्या घरात लपलाय म्हणे, कुणाच्या कडब्यात बंदुका सापडल्या म्हणे. माणसं चहा पितानाही दाराकडं तोंड करून बसायची. अशा दिवसांत त्याचं दार एकदा अर्धं उघडं राहिलं आणि मी जाता जाता आत पाहिलं. पाहिलं म्हणजे चांगला थांबून पाहिलं. आत माणूस नव्हता. पण छपराच्या वाशांना ओळीनं जाड बांबू बांधलेले होते. पाच पाच विती लांब, दोन्ही तोंडं चिंध्यांनी बंद केलेली, अंगाला ठिकठिकाणी सुतळी आवळलेली. मोजायची सवयच आपली. सोळा होते.

दुसऱ्याच दिवशी तो माझ्याकडं आला. या खेपेला मोजलं नाही, कारण माझं घर त्याला पाठ होतं. टोपी हातात घेऊन म्हणाला, "बाबू, तुमच्या माळ्याखाली अकरा वीत जागा रिकामी हाय. माझ्या वाश्याला आता जागा न्हाई उरली. नवे दोन बांबू तयार झाले की ठिवू का तुमच्याकडं?"

"आत काय आहे त्यात?"

तो जरा लाजला. "गाडी हाय. आठ डब्यांची."

मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. नाहीतर ही काहीतरी खुणेची भाषा असावी. मी म्हणालो, "मला भानगड नको." काही सांगावं की सांगू नये असं त्याच्या चेहऱ्यावर चाललं होतं. "बराबर हाय," एवढंच म्हणाला आणि गेला.

आणि मी काय केलं? स्टेशनाबाहेरच्या हॉटेलात बसून ही गंमत रंगवून सांगितली. सांधेवाल्याच्या छपराला सोळा बांबू आहेत, तोंडं बंद केलेली, विचारलं तर म्हणतो आत गाडी आहे. सगळे हसले. एकजण हसला नाही असं आता वाटतं, पण तो कोण ते आठवत नाही.

चार दिवसांनी ठाण्याचा अमीन, म्हणजे निजामाचा फौजदार, दोन शिपाई घेऊन आला. दुपारची गाडी नुकतीच गेली होती. आम्ही सगळे गोळा झालो. अमीन त्याच्या दारात उभा राहून म्हणाला, "वो सोला बांबू किधर हैं?"

सोळा हा आकडा माझ्याशिवाय कुणी मोजलेला नव्हता.

शिपायांनी बांबू खाली ओढले. तो विनवत होता, "साहेब, मी सोडतो, हळू सोडावं लागतं." तोवर एकानं विळ्यानं सुतळी कापलीसुद्धा. बांबू उभा चिरलेला होता, त्याची दोन पन्हळं झाली. वरचं पन्हळ बाजूला पडलं आणि खालच्यातून एक आगगाडी जमिनीवर घरंगळली.

खरंच आगगाडी. लाकूड कोरून केलेलं इंजिन, दिव्याच्या काजळीनं काळं केलेलं. मागे दोन बोटं रुंदीचे डबे, रॉकेलच्या डब्याच्या पत्र्याचे, दारं सरकणारी. चाकं दोऱ्याच्या रिळांच्या चकत्यांची. डब्यांवर आकडे होते. त्याला वाचता येत नव्हतं, पण यार्डातल्या खऱ्या डब्यांवरचे आकडे त्यानं चित्र काढावं तसे उतरवले होते. इंजिनाचं एक चाक निसटून माझ्या पायाशी आलं.

शिपाई हसले. आम्हीही हसलो, सुटल्यासारखे. अमीनसुद्धा खाली बसला आणि बोटानं एक डबा पुढे-मागे करून पाहिला. "ये चलती कहाँ है?"

इतकं विचारायचा अवकाश. झडती चालली आहे, दारात पोलीस आहेत, हे तो विसरूनच गेला. भिंतीला बिजागऱ्यांनी लावलेली लांब फळी त्यानं झटक्यात खाली पाडली, तिचं एक टोक खाटेच्या लाकडी गातावर टेकवलं, आणि आमचं सगळं स्टेशन तिथं उभं राहिलं. तीन रूळ, सांधे, मालधक्का, पाण्याची टाकी. मालधक्क्यावर बोटाच्या पेराएवढा एक माणूस होता, हातात वही असलेला. तो मी होतो.

"फळीवर एका टायमाला एकच गाडी मावती साहेब. बाकीच्या पंधरा कुठं ठिवाव्या? खाली ठिवल्या तर हिला निजायला जागा न्हाई." त्यानं बायकोकडं बोट केलं. ती चुलीशी उभी राहून पदर चावत होती. "मग म्या काय केलं, बांबू मदातून चिरला. आतल्या गाठी कानशीनं काढल्या. हे असं फळीच्या तोंडाला लावायचं, गाडी आख्खी आत सारायची, तोंडाला चिंधी, वरून झाकन. डबे सोडवायची तकलीफ न्हाई. वाश्याला टांगलं की झालं. माझा आजा आख्खं घर बैलाच्या पाठीवर न्यायचा साहेब. मला तर छप्पर हाय." त्यानं बोलता बोलता एक गाडी पन्हळातून फळीवर सोडूनही दाखवली. ती टाकीपर्यंत आपली आपण गेली. त्याच्या चेहऱ्यावर जो आनंद होता तो मी त्याच्याकडं कधी पाहिला नव्हता. आणि कापसाच्या मोसमात हा अर्ध्या तासात कुणाला विचारून आला होता, ते मला त्या क्षणी कळलं.

अमीन मात्र आता फळीच्या दुसऱ्या टोकाकडं पाहत होता. तिथं गावाबाहेरच्या ओढ्यावरचा पूल होता. खांबांसकट हुबेहूब. त्यानं पूल बोटानं दाबून पाहिला, मग डब्यांवरचे आकडे पुन्हा पाहिले. त्या उन्हाळ्यात पूल उडवल्याच्या बातम्या रोज कानावर यायच्या; त्याचं हसू गेलं.

"ये पूल किसके वास्ते बनाया?"

"गाडी जायला, साहेब."

"और किस किस कू दिखाया?"

"कुनाला न्हाई."

"फिर छुपा के कायकू रखा?"

हसतील म्हणून, हे पन्नाशीच्या माणसानं दहा जणांसमोर कसं सांगायचं? त्यानं माझ्याकडं पाहिलं. अमीननंही पाहिलं. "बाबू, आप पडोसी. आपको कुछ मालूम था?"

मला मालूम होतं. त्यानं स्वतः मला सांगितलं होतं, गाडी आहे, आठ डब्यांची. या फळीवर बघून त्यानं आमचं यार्ड मोकळं केलं, हेही मला आता उमगलं होतं. दोन वाक्यांत सांगता आलं असतं आणि मी सरकारी नोकर, माझं ऐकलंही असतं. पण सोळा बांबू मी मोजले होते. आपण तोंड उघडलं तर आपल्यालाही चार प्रश्न विचारतील, एवढंच माझ्या मनात आलं. मी म्हणालो, "साहेब, मला त्यानं कधी काही दाखवलं नाही."

त्याला नेलं. फळी नेली, बांबूही नेले. खोलीत एकदम मोठी जागा दिसायला लागली.

माझी पत्नी त्याच्या बायकोला भाकरी द्यायला गेली, कड्या तपासणारी माझी पत्नी. मी मागे दारात उभा राहिलो. सांधेवाल्याची बायको माझ्याकडं न बघता म्हणाली, "वैनी, तुमच्याकडं बांबू ठिवायचं त्यांच्या मनात व्हतं ना, तवाच बाबूला समदं दाखवणार व्हते. म्हनं, बाबू हुशार हायत, हसायचे न्हाईत."

मी त्या रात्री जेवलो नाही, असं सांगितलं तर ते खोटं होईल. जेवलो. पण नंतरही कितीतरी दिवस त्या बाईसमोरून जाताना मला वही डोळ्यांपुढं धरावी लागली.

पुढं राज्य बदललं तेव्हा तो सुटला. साडेतीन महिने झाले होते. सामानाचं कुणालाच माहीत नव्हतं. फळी ठाण्यात कुणीतरी जाळली म्हणाले. त्यानं फार विचारलंही नाही. दुसऱ्या दिवशी कामावर आला, सगळ्यांना रामराम केला, मलाही केला. मी तेवढ्यानं खूश झालो. मनातून सुटलो असं वाटलं.

मग कापसाचा मोसम आला. यार्ड पुन्हा तुंबलं. मास्तरांनी त्याला बोलावून घेतलं आणि गोड आवाजात म्हणाले, "जरा घरी जाऊन बघून ये की."

"घरी काय न्हाई, मास्तर. तुमी सांगाल तसं करतो."

"अरे, पण तुला काय वाटतं?"

"तुमी सांगाल तसं."

मास्तरांनी चुकीचं सांगितलं, त्यानं चुकीचं केलं. तीन दिवस गाठी धक्क्यावर पडून राहिल्या. तो सांध्याजवळ उभा असायचा, हात दांड्यावर. आता कुणाच्या घरी गेलाच तर उंबऱ्याबाहेर बसायचा. माझी पत्नी त्याला आत बोलवायची. "हितंच बरं हाय, वैनी," म्हणायचा.

त्या वर्षाच्या शेवटी त्यानं बदली मागून घेतली, पूर्णेकडच्या कुठल्याशा लहान स्टेशनावर. तिथं एकच रूळ होता. जायच्या दिवशी मी मालधक्का सोडून फलाटावर गेलो. एक ट्रंक, खाटेचा सांगाडा, दोन हंडे, एवढंच सामान. बायको डब्यात चढून बसली होती. तो खाली उभा होता. काय बोलायचं ते मी रात्रभर ठरवून आलो होतो. तो चिडला तर काय सांगायचं, तेही ठरवलं होतं.

"तुम्ही ऐकून घ्या," मी म्हणालो. त्याला तुम्ही म्हणायची माझी ती पहिलीच वेळ. "त्या दिवशी मी अमीनसमोर बोलायला हवं होतं. आणि बांबूचं बाहेर बोललो तेही मीच. तुम्ही तर मला सांगितलं होतं."

तो चिडला नाही. मला वाईट वाटू नये म्हणून शब्द शोधत होता, असंच मला दिसलं.

"तुमी खोटं कुठं बोललात, बाबू?" तो म्हणाला. "दाखवलं नव्हतंच म्या तुमाला."

याचं उत्तर मी ठरवून आलो नव्हतो. शिट्टी झाली, तो चढला. आमच्या स्टेशनातून सुटलेली गाडी वळणापर्यंत दिसते. मी तिथपर्यंत पाहत उभा राहिलो. त्यानं मागे वळून पाहिलं नाही. त्याच्या बायकोनं पाहिलं. तिनं हात हलवला नाही, मलाही हलवता आला नाही.