आखाजीचं माहेर

ती पहिल्यांदा आमच्या केंद्रात आली तेव्हा तिच्या ओठाला टाके होते. नवरा सातपूरच्या कारखान्यात पाळीवर जायचा आणि घरी येऊन हिला मारायचा. नव्वदच्या दशकातली गोष्ट. नाशकात एका दवाखान्यावरच्या खोलीत आमचं काम चाले. मार खाणाऱ्या बायकांचं ऐकून घ्यायचं, पोलिसांत सोबत जायचं, नवऱ्याला बोलावून दम द्यायचा. तिचं माहेर नामपूरकडचं. आईबाप गेलेले, भाऊ दारात उभं करत नव्हता. "कुठं जाऊ?" एवढंच ती विचारत होती.

नवऱ्यानं आमच्यापुढे कान धरले आणि ती परत नांदायला निघाली. केंद्र चालवणाऱ्या मोठ्या बाईंनी तिची ओटी भरली, नेहमीचं वाक्य म्हटलं, "हेच तुझं माहेर समज." ती त्यांच्या गळ्यात पडून रडली. तेव्हा मला फार बरं वाटलं होतं.

आखाजीला ती खरंच आली. तिच्याकडे अक्षय्य तृतीयेला आखाजी म्हणतात, त्या सणाला लेकी माहेरी येतात. नवी साडी, पिशवीत आंबे. आम्ही खुळ्यासारख्या हरखलो. उन्हानं खोली तापलेली आणि हिच्या ब्लाउजच्या बाह्या मनगटापर्यंत! बाईंनी विचारलं, मी विचारलं. "समदं बेस शे," ती हसून म्हणाली आणि आमरस करायला बसली. बाह्यांचं काय, तर म्हणे शिवणारीनं चुकून लांब केल्या.

पावसाळ्यात सिव्हिल हॉस्पिटलमधून निरोप आला. बरगड्या मोडल्या होत्या, बोलताना धाप लागत होती. मी रागानंच विचारलं, "अगं, आखाजीला का नाही बोललीस? त्यासाठीच तर आम्ही आहोत ना!"

तिला माझंच नवल वाटलं. "मायेरमा असं कोनी सांगस का, ताई? तुमच्या जिवाला घोर."

दुसऱ्या दिवशी ती गेली. त्या एका शब्दाचा मला अजून संताप येतो. नुसतं ऑफिस म्हटलं असतं, तर तिनं तक्रार तरी केली असती.

नवऱ्याला पोलिसांनी नेलं होतं. भाऊ आलाच नाही. शेजारणी अडून बसल्या, सवाष्ण गेलीय, शेवटची साडी माहेरकडूनच यायला हवी. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या.

मी दुकानात गेले आणि हिरवी साडी मागितली. दुकानदारानं चार घड्या उलगडल्या आणि विचारलं, "माहेरवाशिणीला द्यायचीय का?"

मी हो म्हटलं.