अक्कांचे हातमोजे

त्या रविवारची आठवण आली की माझं डोकं अजून फिरतं. लोक म्हणतात, अगं गेम तो, त्यात काय एवढं! गेम तर गेम. माणूस कसा आहे हे कळायला गेमसुद्धा पुरतो की.

आधी गेम सांगते, म्हणजे भांडण कळेल. चौघांनी मिळून खेळायचा, गोळीबाराचा. शत्रू मारला की त्याच्याकडून काहीतरी पडतं. हेल्मेट, चिलखत, हातमोजे, बूट, काहीही. ते उचलायचं आणि गेममधल्या आपल्या माणसाला घालायचं. एकाच सेटच्या दोन वस्तू अंगावर असल्या तर थोडा फायदा, चारही जमल्या की मोठा. म्हणजे कुठला सेट घालता त्यावर तुमचा माणूस कसा होणार ते ठरतं. कुणी नुसता जाळत सुटणारा, कुणी लांबून नेम धरणारा, कुणी बाकीच्यांना सांभाळणारा. नको असलेली वस्तू तोडायची, तिचा भुगा दुसरं काही बनवायला येतो. नाहीतर टीममधल्या कुणाला देऊन टाकायची. खरं एकदा अंगात घातली की ती तुमचीच. मग ती कुणाला देतो म्हटलं तरी देता येत नाही.

आमची टीम ऑफिसातली, चौघंही मराठी. इथं कन्नड मुलखात, जे. पी. नगरच्या ऑफिसात आठवडाभर हिंदी-इंग्लिश बोलून तोंड आंबतं, तेव्हा रविवारी दुपारी निदान गेममध्ये तरी मराठी बोलू, एवढाच हेतू. एक पुण्याचा, एक ठाण्याचा, मी निपाणीची. आणि कॅप्टन नागपूरचा. त्याला कॅप्टन कुणी केला नाही, तो सगळ्यांत मोठ्यानं बोलतो म्हणून आपोआप झाला.

मी राजाजीनगरला राहते, वरच्या मजल्यावर. खाली घरमालकीण, आमच्या अक्का. शाळेत कन्नड शिकवून रिटायर झालेल्या, माझ्याशीही कन्नडातच बोलतात. मुलगा परदेशी जाताना गेमचं मशीन टीव्हीजवळच ठेवून गेला होता. एक दिवस त्यांनी ते पुसायला घेतलं आणि चालूच करून बसल्या. मी कढीपत्ता मागायला खाली गेले तर अक्का सोफ्यावर मांडी घालून, चष्मा नाकावर, धडाधड गोळ्या घालतायत! मी दारातच हसायला लागले. त्या म्हणाल्या, "हसू नको. स्वल्प इरू, थांब जरा, आधी ह्याला मारते, मग कढीपत्ता."

त्यांनी सेट धरला होता सांभाळणारा. त्याचं असं असतं की टीममधला कुणी पडला आणि तुम्ही त्याला उठवायला गेलात, की दोघांभोवती ढाल उभी राहते. तो उठेपर्यंत दोघांना गोळी लागत नाही. मात्र त्याला चारही वस्तू लागतात. अक्कांकडे तीन होत्या, हातमोजे काही केल्या पडत नव्हते. आणि त्यांना एकदा ती रविवारची मोठी लढाई करायची होती. ती चौघांशिवाय होत नाही. अनोळखी पोरं त्यांचा आवाज ऐकला की टीममधून काढून टाकायची. "एकदा शेवटपर्यंत जायचंय ग," त्या मला म्हणाल्या. "ती शेवटची पेटी उघडताना बघायची आहे."

मी कॅप्टनला विचारलं. तो म्हणतो कसा, "तो सेट कचरा आहे. डॅमेज झिरो. दिसला की तोडायचा. आपण चौघं आगीचाच सेट घालतो, व्हिडिओत तसंच सांगितलं आहे." अरे शहाण्या, चौघांनी एकच सेट घालून एकच काम करायचं तर चार माणसं कशाला लागतात? एकालाच चार बंदुका द्या की! मी हे तोंडावर बोलले. खरं ऐकतंय कोण? पुन्हा विचारलं तर म्हणे, बघू. तिसऱ्यांदा विचारलं तर म्हणे, आंटींना सांग, टाइमपास करायला दुसरे गेम आहेत. तेव्हा माझी तळपायाची आग मस्तकात गेली.

मग मी माझीच जागा दिली. रविवारी दुपारी सगळे जमले तेव्हा सांगून टाकलं, आज माझ्या जागी अक्का.

"काय करून राहिली तू?" कॅप्टन ओरडला.

"नाहीतर तिघं खेळा," मी म्हटलं. तिघांत लढाई सुरूच होत नाही, हे त्यालाही माहीत होतं.

मी अक्कांच्या शेजारी सोफ्यावर बसले. पोरांचा आवाज टीव्हीतून येत होता, आमच्या दोघींचा माइकमधून तिकडे जात होता. सुरुवातीपासून त्याची टकळी चालू. आंटी, मागं राहा. आंटी, मध्ये येऊ नका. मी म्हटलं, आंटी नाही, अक्का म्हणायचं. इथं राहून एवढं तरी शीक. पुण्याचा तेवढा लगेच अक्का म्हणायला लागला. शेवटचा मोठा शत्रू ज्या दाराआड असतो, त्या दाराच्या आधी दोनदा सगळे आडवे झाले, दोन्ही वेळा कॅप्टन सगळ्यांच्या पुढं पळाला म्हणून. दोन्ही वेळा दोष कुणाला? अक्कांना. 

आणि त्या दाराच्या आधीच पडले की हातमोजे! तेच, त्याच सेटचे. अक्का सोफ्यावर पुढं सरकल्या. आता अक्का पडल्या कन्नडच्या बाई, घालण्याला साधं 'हाक्ला' म्हणतील तर शपथ. त्या शुद्ध बोलणार. टीमला विचारून मगच घ्यायचं ही त्यांची शिस्त, म्हणून माइकवर विचारलं, "कैगवसु तोड्ला?"

म्हणजे, हातमोजे घालू का? कन्नडमध्ये 'तोडू' म्हणजे अंगावर चढवणं. बांगड्या, चिलखत, सगळ्याला हाच शब्द.

कॅप्टनच्या कानावर पडलं फक्त 'तोड्ला'. त्याला वाटलं, बाई मराठीचा प्रयत्न करतायत, तोडू का म्हणून विचारतायत. कुठली वस्तू, काय, त्यानं बघितलंसुद्धा नाही. "हो हो, तोडा, आंटी, तोडा!"

अक्कांचा चेहरा एवढा खुलला! माइकवर हात ठेवून मला म्हणाल्या, "पोरगं कन्नड शिकलंय की ग!" आणि हातमोजे घातले.

मी? मी दोन्ही भाषा घरात ऐकत वाढलेली, मला सगळं कळलं. मी चकार शब्द काढला नाही. तोंडावर उशी धरून हसले.

मग जी लढाई झाली! पोरं नेहमीसारखी पुढं पळाली आणि पटापटा पडली. आणि अक्का चालत, हो, चालत जायच्या, वाकायच्या, भोवती ढाल उभी राहायची, एकेकाला उठवायच्या. ठाण्याचा उठला. पुण्याचा उठला. कॅप्टनला तर इतक्या वेळा उठवलं की मीच म्हटलं, राहू दे त्याला पडलेला. अक्का म्हणाल्या, "असं कसं." अगदी शेवटी तो पुन्हा पडला. ढाल सारखी सारखी उभी राहत नाही, तिला थोडा वेळ लागतो. अक्का थांबल्या नाहीत, तशाच गेल्या. तो उठला आणि त्या पडल्या. तेवढ्यात तिकडं शत्रूही कोसळला. जिंकलो!

तिघंही पेटीकडे पळाले. नाचायला लागले. अक्कांचा माणूस जमिनीवर पडलेला. पडलेल्याला पेटी उघडता येत नाही, आणि थोड्या वेळानं गेम सगळ्यांना तिथून बाहेर काढतो. अक्का पडद्याकडे बघत होत्या.

कुणी काय घातलं होतं ते तेवढ्यात पडद्यावर आलं. कॅप्टनला अक्कांचा सेट दिसला. "अरे, ह्या सेटची ढाल होती होय! अक्का, ते हातमोजे मला द्या. पुढच्या वेळी हा सेट मी घालतो."

"आधी उठव त्यांना!" मी किंचाळले. "आणि हातमोजे कसले मागतोस? घातलेत त्यांनी!"

"घातले? मी तोडा म्हटलं होतं ना!"

"त्यांच्या भाषेत तोडा म्हणजे घाला! किती वर्षं झाली रे तुला ह्या गावात?"

 तर तो अगदी थंडपणे म्हणतो, "बरं, राहू दे. फाईट संपली ना, आता उठवून काय फायदा? बाहेर गेलं की आपोआप उठतात त्या."

मी माइक तोंडाजवळ ओढला.  ह्या माणसाला जगवण्यासाठी ती बाई पडली होती! अक्कांनी मला हातानंच गप्प केलं आणि त्यांच्या मोडक्यातोडक्या हिंदीत, वर्गात बोलावं तशा स्पष्ट, म्हणाल्या, "लढाई संपली ना बाळ? मग आता तुला गोळी लागायची भीती नाही. ये."

पुण्याचा पेटीजवळून धावत परत आला. अक्का उठल्या, पेटीपर्यंत गेल्या आणि ती उघडली. आत काय होतं ते मला आठवत नाही, त्यांनीही फारसं बघितलं नाही. कॅप्टन आला नाही. तो कधीच बाहेर निघून गेला होता.

सोमवारी कॅन्टीनमध्ये तो माझ्यासमोर ताट घेऊन बसला. मोठा उदार होऊन म्हणाला, "तुझ्या अक्कांना सांग, टीममध्ये जागा पक्की."

मी म्हटलं, "कुणाची, तुझी? थांब, त्यांना विचारून सांगते."