म्हाताऱ्याच्या मगातला घोट

परवा सुनेने नाचणीची आंबील केली, आणि तिच्या आंबूस वासाने मला थेट म्युनिकजवळच्या एका खेड्यातल्या गास्टहाउसमध्ये, म्हणजे तिथल्या खाणावळीत, नेऊन बसवलं. साठच्या दशकातली गोष्ट. आमच्या घराण्यात कॉलेजात गेलेला मी पहिला, पीएच.डी.ला जर्मनीत पोचलो, पण राहायला खोली मिळेना. शहरातल्या घरमालकिणी माझा चेहरा बघूनच दार लावायच्या. शेवटी लॅबमधला फिटर म्हणाला, "माझ्या बापाच्या गास्टहाउसवर एक खोली आहे. पण म्हातारा माणूस पारखून घेतो." रविवारी दुपारी त्याच्याबरोबर गेलो. शहाजिरं लावून भाजलेल्या डुकराच्या मांसाचा दरवळ, लांब लाकडी बाकं. म्हाताऱ्याने बिअरचा एक घोट घेतला आणि आपला तोच मग माझ्यापुढे सरकवला. आता वडीलधाऱ्याचं भांडं मी उष्टं कसं करणार? घरी तांब्याने पाणी पितो तशी मान मागे टाकून वरून धार धरली. फेस नाकात, बिअर शर्टावर. म्हातारा लालबुंद झाला. "माझ्या तोंडाची किळस येते का रे तुला?" खोली गेलीच म्हणायची! मोडक्या जर्मनमध्ये म्हणालो, "नाही हो आजोबा, माझं उष्टं तुम्हाला प्यावं लागू नये म्हणून." "आल्झो," म्हणजे "असं होय," तो म्हणाला, आणि त्यानेही मान मागे टाकून धार धरली. मिशा, जॅकेट, सगळं चिंब! फिटर हसून बाकावरून पडायचाच बाकी होता. तोंड पुसत म्हातारा म्हणाला, "उद्या सामान आण. पण वर खोलीत असलं पिऊ नकोस, गादी नवी आहे." पुढे डॉक्टरेटच्या परीक्षेलासुद्धा मी इतका घाबरलो नाही, हे आता कबूल करायला हरकत नाही.